‘अज्ञात शाहीर’ म्हणे!

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला हरवलेल्या रेकॉर्डिंगवरचा लेख वाचला. राग एक रात्र गिळून पाहिला, गिळला जाईना, म्हणून लिहितो आहे.

लेख वाईट नाही, हे आधीच सांगतो. धोबी तलावचे खुले रंगभवन, १९८६ पासूनचा इंडिपेन्डन्स रॉक हा रॉक संगीताचा महोत्सव, रॉक मशीन हा बँड, अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट या जुन्या बँडची विस्मरणात गेलेली रेकॉर्ड परदेशातल्या कंपनीने पुन्हा काढली ते, सगळे वाचले. त्या पोरांनी मेहनत केली होती, त्यांचे सापडले याचा आनंदच आहे. पण पानभर मजकुरात मुंबईचे ‘स्वतंत्र संगीत’ धोबी तलाव ओलांडून पुढे येतच नाही. लालबाग, नायगाव, वरळी, घाटकोपरला माणसे काय कंपनीचा पगार घेऊन गात होती? १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकरांनी लाल बावटा कलापथक काढले, तेव्हा पाठीशी कुठली रेकॉर्ड कंपनी होती? ६ डिसेंबरला शिवाजी पार्कला या कधीतरी. तिथे जमिनीवर चादर अंथरून आधी कॅसेटी विकल्या गेल्या, मग सीडी, आता पेन ड्राइव्ह. गीतकार आपला, गायक आपला, पदरचे पैसे घालून रेकॉर्डिंग केलेले. याहून स्वतंत्र म्हणजे काय असते, ते आपल्या लेखकांनी एकदा समजावून सांगावे.

आणि लेखाच्या शेवटी ‘जुनी ध्वनिमुद्रणे आता संस्थांकडे सोपवायला हवीत’ असा सल्लाही आहे. त्यावरच मला बोलायचे आहे, कारण आम्ही ती सोपवून बसलो आहोत.

१९८३ ची भीमजयंती. गिरण्यांचा संप आदल्या वर्षीच्या जानेवारीत सुरू झालेला, चाळीत अर्ध्या खोल्यांत पगार नाही. तरी पटांगणात मंडप पडला आणि आमच्याच चाळीतले शाहीर उभे राहिले. गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, कोणी गैरहजर असेल तेव्हा काम मिळणारे बदली कामगार, आवाज असा की माइक बंद पडला तरी तिसऱ्या मजल्यावर ऐकू जावा. मामाने दुबईहून आणलेला टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट रेकॉर्डर एकत्र) मी स्टेजच्या कडेला ठेवला आणि साठ मिनिटांची कॅसेट दोन्ही बाजूंनी भरली. दुसऱ्या दिवशी मागचे दोन्ही टॅब मोडून टाकले, म्हणजे घरातल्या कोणी वर सिनेमाची गाणी भरू नयेत. अशा पुढे बऱ्याच कॅसेटी झाल्या. पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून त्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवत असू.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेची दोन मुले आली. फार गोड बोलली, चहा घेतला, फोटो काढले, डबा घेऊन गेली. बऱ्याच फोनांनंतर पेन ड्राइव्ह मिळाला. घरातले सगळे ऐकायला बसलो, तर गाणी एकामागून एक, चकाचक. मधले सगळे गायब! ‘आवाज स्वच्छ केला, काका,’ असे उत्तर मिळाले.

त्या मधल्या भागात काय होते ते ऐका. शाहीर हार्मोनियमवाल्याला सूर खाली घ्यायला सांगतात. पुढच्या गाण्याची चाल कुठल्या हिंदी सिनेमातून उचलली, ते स्वतःच हसत कबूल करतात. मग बक्षिसे पुकारली जातात. तळमजल्यावरच्या मावशींकडून दोन रुपये. त्या मावशींचा नवरा संपावर होता, आणि दोन रुपये पुकारल्यावर पटांगणभर जी टाळी पडली, ती माझ्या कॅसेटमध्ये होती. सुपातून खड्यांबरोबर तांदूळही पाखडून टाकावेत, तशी ही स्वच्छता.

कळस पुढेच आहे. फाइलवर नाव काय, तर ‘अज्ञात शाहीर’! कॅसेटच्या कागदावर माझ्या अक्षरात त्यांचे पूर्ण नाव होते. निवेदकाने माइकवरून ते पुकारले होते, पण तो भागही कचरा म्हणून कापलेला. २०१२ च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायद्यातच कलाकाराला आपल्या कलेवर आपले नाव लागण्याचा हक्क आहे म्हणे. आमचे शाहीर त्याआधीच गेले, तेव्हा त्यांची तक्रार येणार नाही याची संस्थेला खात्री असावी. मूळ कॅसेटी मागितल्या तर ‘प्रक्रियेत आहेत’. कसली प्रक्रिया? लोणचे घालताय?

मुंबईचे शाहीर विलास घोगरे यांना आज आपण गाताना पाहू-ऐकू शकतो, ते माहितीपट करणाऱ्या आनंद पटवर्धनांनी त्यांना त्यांच्या नावानिशी, त्यांच्या वस्तीसकट कॅमेऱ्यात टिपले म्हणून. तेही १९८५ च्या आसपासचेच काम आहे. म्हणजे तेव्हा जमत होते.

शाहिरांचे नाव सोबतच्या वेगळ्या कागदावर दिले आहे. छापायचे असेल तर त्यांच्या घरच्यांना आधी विचारा. नंबर त्याच कागदावर आहे. त्यांचा नातू ढोलकी वाजवतो, आपल्या लेखकांना पुढच्या लेखासाठी उपयोगी पडेल. अर्थात परळपर्यंत यायची तयारी असेल तर.

जाता जाता आणखी एक. पुरवणीत काळ्या रंगावर पांढरी अक्षरे छापण्याची कल्पना ज्या कोणाची असेल, त्यांनी ती एकदा ट्यूबलाइटखाली चष्मा लावून वाचून दाखवावी. शेवटचे दोन रकाने मला सुनेकडून वाचून घ्यावे लागले.

आपला,
एक जुना वर्गणीदार, नायगाव
(नाव व पत्ता संपादकांकडे)