रक्ताच्या बॅगवरची तारीख

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात रक्तदान कँपच्या बातम्या येतात. फोटोत पाहुणे असतात, बॅनर असतं, पण ज्याने रक्त दिलं तो बहुतेक वेळा फोटोत नसतोच, देऊन, चहा-बिस्किट घेऊन कामाला निघून गेलेला असतो. मला त्याच्याशी बोलायचंय आणि त्याचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय.

माझ्या मुलीला थॅलेसेमिया मेजर आहे. तिच्या शरीरात हिमोग्लोबिन नीट बनतच नाही, त्यामुळे दर दोन-तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आणि बोन मॅरो ट्रान्सप्लांट होत नाही तोवर हे असंच चालणार. ट्रान्सप्लांटसाठी सख्ख्या भावंडाचं एचएलए (पेशींवरची ओळखखूण) जुळलं तर सगळ्यात चांगलं, पण तिच्या दादाचं जुळलं नाही, ते कळलं त्या दिवशी तो जेवला नव्हता. बरं रक्त चढवलं की झालं असंही नाही, प्रत्येक बॅगेबरोबर साधारण २०० मिलिग्रॅम लोह अंगात जातं आणि ते बाहेर टाकायची सोय शरीरात नाहीच, ते लिव्हरमध्ये, हृदयात साठत राहतं, म्हणून रोज सकाळी अनशापोटी पाण्यात विरघळवलेली गोळी घ्यायची, आणि फेरिटिनचा, म्हणजे अंगात किती लोह साठलंय त्याचा, रिपोर्ट यायचा असला की आमच्याकडे कुणाला जेवण गोड लागत नाही.

लोक भेटतात, कळवळ्याने बोलतात. कुणी म्हणतं मागच्या जन्मीचं काहीतरी असेल, कुणी म्हणतं अशी मुलं देव आईबाप बघूनच देतो. मला यातलं काहीच पटत नाही. मी शहाणी व्हावी म्हणून माझ्या पोरीला सुया टोचाव्यात अशी योजना कुठला देव करेल? या आजाराचे आभार मी मानत नाही आणि कधी मानणारही नाही. आभार मानायचेत ते माणसांचे.

रक्ताच्या बॅगवर देणाऱ्याचं नाव नसतं. नंबर असतो, ग्रुप असतो, रक्त कधी घेतलं ती तारीख असते आणि कधीपर्यंत चालेल ती तारीख असते. तीन-चार तास बेडवर पडून पोरगी करणार काय, एकदा तिने ती तारीख वाचली आणि मला विचारलं, आई या दिवशी आपण काय करत होतो गं? त्या दिवशी रंगपंचमी होती. राजवाड्याला गेर, म्हणजे रंग उडवत जाणारी मिरवणूक, निघाली होती, सगळं शहर रंगात होतं, आम्ही गच्चीवर पापड घालत होतो, आणि त्याच दिवशी इंदुरात कुणीतरी अंगावरचा रंग धुऊन, बाही वर करून रक्त द्यायला गेलं होतं. तेव्हापासून तिची एक वही आहे. दर बॅगेची तारीख लिहायची आणि पुढे त्या दिवशी आपण काय केलं ते लिहायचं. मामाचं लग्न, दादाचा पेपर, काहीच नाही नुसता पाऊस, असं सगळं आहे त्यात. सासूबाई संध्याकाळी देवाजवळ दिवा लावताना घरातल्या सगळ्यांची नावं घेतात आणि शेवटी म्हणतात, त्या रक्त देणाऱ्या लेकरांचं भलं कर.

हिमोग्लोबिन उतरलं की ती चिडचिड करते, पाय दुखतात म्हणते, जिना अर्धा चढून बसते. रक्त चढलं की आधी ओठांना आणि कानांच्या पाळ्यांना रंग येतो (हे फक्त अशा मुलांच्या आयांना दिसतं), मग भूक लागते, पोहे हवेत आणि वर भरपूर शेव-जिरावण. ते पोहे ती खात असते तेव्हा मी समोर बसून नुसती बघते, आणि खरं सांगते, माझं आयुष्य कशासाठी आहे हा प्रश्न मला त्या वेळी पडत नाही.

आता मागणं. लाल पेशी फ्रीजमध्ये फार तर ३५ ते ४२ दिवस टिकतात, साठवून वर्षभर पुरवता येत नाहीत. एखाद्या वाढदिवसाला एकाच दिवशी शेकडो बॅगा जमतात, त्यांचंही मोल आहेच, पण मे-जूनमध्ये कॉलेजं बंद, लोक गावाला, वर ऊन, तेव्हा रक्तपेढीत आपल्या ग्रुपचं आहे का विचारताना आवाज कापतो. ८ मे थॅलेसेमिया दिवस आणि १४ जून रक्तदाता दिवस, दोन्ही याच टंचाईच्या दिवसांत येतात, तेव्हा भाषणं कमी आणि कँप जास्त व्हावेत एवढंच वाटतं.

आणखी एक, लग्नाळू मुलामुलींच्या घरी जरूर सांगा. आम्ही नवरा-बायको दोघंही थॅलेसेमिया मायनर, म्हणजे दोष अंगात आहे पण आजार नाही, आम्हाला काहीही त्रास नाही, लग्नाआधी माहीतही नव्हतं. असे दोघं एकत्र आले की प्रत्येक बाळाला मेजर व्हायची शक्यता चारात एक असते. आपल्या मराठी लोकांत हे नसतं असं समजू नका. पत्रिका बघता तशी एचबीए-टूची (यात मायनर कळतो) एक रक्ततपासणी दोघांची करून घ्या.

आणि आपल्याला विनंती, कँपची बातमी छापाल तेव्हा खाली एक ओळ घाला की पुरुषांना तीन महिन्यांनी आणि बायकांना चार महिन्यांनी परत रक्त देता येतं, आणि हिशोब करून ती पुढची तारीखच छापा. १५ ऑगस्टला दिलं असेल तर १५ नोव्हेंबर, बायकांसाठी १५ डिसेंबर. लोक पेपर कापून कपाटाला चिकटवतात हो, आमच्या सुदामा नगरात तरी चिकटवतात.

आपली वाचक,
एका थॅलेसेमिक मुलीची आई
सुदामा नगर, इंदूर