रोज बटर नान कोण खातंय?

महोदय,

पुरवणीत भारतीय जेवणाचं काही आलं की तेच पनीर, तीच बिर्याणी, बटर नान, पण रोज कोण खातंय हो हे? आमच्या बेळगाव-खानापूरकडं अजून भाकरीच, कुठं जोंधळ्याची तर कुठं तांदळाची, वर शेंगदाण्याची चटणी, दही नि कांदा, झालं जेवण. बाहेरच्यांना बेळगाव म्हटलं की कुंदा आठवतो (चांगला असतोच म्हणा), पण खरी कारागिरी बघायची तर मांडे बघा. पिठीसाखर, खसखस, वेलची भरलेली पोळी दोन्ही हातांवर फिरवत फिरवत एवढी मोठी नि पातळ करायची की आरपार दिसावं, मग चुलीवरच्या उपड्या खापरावर टाकायची नि गरम आहे तोवर घडी घालायची, गार झाली की मोडलीच. आता लग्नात मांडे नावाला, गर्दी चायनीजच्या काउंटरला!

२०२३ला भरडधान्य वर्ष म्हणून ज्वारीचं केवढं कौतुक झालं, आणि आमची पोरं डब्यात भाकरी दिली की तोंड वाकडं करतात. मांडे करणाऱ्या बायकांवर एखादं पान छापा की, फोटोसकट.

– एक वाचक, बेळगाव