तक्रारीत गाडी नंबर आहे का, ते आधी बघ

कराड, रविवार

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

गोळीच्या वेळेला घंटा वाजवणाऱ्या तुझ्या ॲपला लोकांनी एक-एक तारा दिला, म्हणून काल फोनवर तू म्हणालीस, "बाबा, मी आता रिव्ह्यू उघडणारच नाही." मी तेव्हा फारसं बोललो नाही. तुझी आई शेजारीच बसली होती, आणि ती लगेच "सोड ते ॲप, परत नोकरी धर" या मुद्द्यावर आली असती. शिवाय माझी सगळी नोकरी एसटी स्थानकात कंट्रोलरच्या टेबलावर खुलासे लिहिण्यात गेली. बोलण्यापेक्षा लिहिलेलं मला बरं जमतं.

तू पाठवलेले स्क्रीनशॉट मोठे करून वाचले. पहिला, एक तारा: "बकवास ॲप. अलार्म वाजतच नाही. पप्पांची बीपीची गोळी दोन दिवस चुकली. पैसे वापस करा." दुसरा, एक तारा: "ओटीपी येत नाही, फ्रॉड आहे." तुझ्या ॲपमध्ये ओटीपीच नाही! तिसरा, एक तारा: "भावाच्या आयफोनवर चालत नाही." ॲपलचे वर्षाला ९९ डॉलर परवडत नाहीत म्हणून तू आयफोनला हात लावला नाहीस, हे त्या भावाला कोण सांगणार? आणि चौथा तर मला फार आवडला: "एक नंबर ॲप, आजीला खूप उपयोग होतो." तारा एकच. एक नंबर म्हणजे एकच तारा द्यायचा, असा त्या भल्या माणसाचा हिशेब असावा. त्याच्यावर चिडू नको.

तुझा राग मला कळतो, कारण मी पेन्सिल घेऊन गणित मांडलं. वीस जणांनी मिळून तुला ४.८ दिले होते. त्यात एक ताऱ्याचे नुसते तिघे धरले तरी सरासरी ४.३ होते. परत ४.८ ला पोचायचं तर पाच तारे देणारी ५७ माणसं लागतात. तिघांनी केलेली खळी भरायला सत्तावन्न! आता गूगल २०१९ पासून साधी सरासरी काढत नाही, ताज्या मतांना जास्त वजन देतं, हे तूच मला सांगितलं होतंस. म्हणजे माझा आकडा ढोबळ आहे. पण त्याचा दुसरा अर्थ असाही होतो की आजचा एक तारा जन्मभर त्याच वजनाने तुझ्या मानेवर बसून राहणार नाही.

आता माझं म्हणणं सांगतो. आमच्या स्थानकात तक्रार पुस्तक असायचं. खंबाटकी घाटात एखादा ट्रक आडवा झाला की स्वारगेटहून येणारी गाडी दीड-दोन तास उशिरा यायची, आणि तिच्यातून उतरलेला माणूस थेट माझ्या खिडकीवर येऊन पुस्तक मागायचा. "चालक मुद्दाम हळू चालवतो", "वाहक उद्धट आहे", "एसटी बंद करून टाका". सुट्ट्या पैशांवरून तर पानंच्या पानं भरलेली असायची. नवीन पोरं ती पानं वाचून तोंड पाडून बसायची. आमच्या जुन्या साहेबांनी मला पहिल्याच आठवड्यात एक सवय लावली. भाषा नंतर वाचायची. आधी बघायचं, गाडी नंबर आहे का, वेळ आहे का, फेरी कुठली ते लिहिलंय का. ते असेल तर शिवी कितीही घाणेरडी असो, ती तक्रार. लॉगशीट, म्हणजे त्या फेरीच्या नोंदींचा कागद, काढायची आणि खुलासा मागवायचा. ते नसेल तर तो नुसता राग. त्यावर सही करायची आणि पान उलटायचं.

तुझी गंमत अशी की तुझ्या प्रवाशाने गाडी नंबर लिहिला नाही तरी तो तुला मिळतो. तुझ्या त्या प्ले कन्सोलमध्ये, म्हणजे ॲप बनवणाऱ्यांसाठीच्या गूगलच्या पानावर, रिव्ह्यूच्या शेजारी फोनचं मॉडेल, अँड्रॉइड कितवं आणि तुझ्या ॲपचं व्हर्जन कुठलं, हे दिसतं ना? दिवाळीत तू मला दाखवलं होतंस. मग "बकवास" हा शब्द सोड आणि शेजारचा रकाना वाच. मागच्या आठवड्यात बोलता बोलता तू स्वतःच म्हणालीस की घंटा वाजत नाही म्हणणारे तिघंही एकाच कंपनीचे फोन वापरतात. अगं, ही लॉगशीटच की!

मी इथे थोडा तपास केला. शेजारच्या अण्णांच्या फोनवर तुझं ॲप मीच टाकून दिलंय. त्यांचा फोनही त्याच कंपनीचा. रात्री जेवणानंतर त्यांच्याकडे जाऊन बसलो. झोपायच्या आधी अण्णांनी चष्मा लावला, फोन हातात घेतला आणि उघडी असलेली एकेक ॲप अंगठ्याने वर ढकलून दिली. बातम्या गेल्या, व्हॉट्सॲप गेलं, तुझं ॲपही गेलं. म्हणाले, "रात्री सगळं बंद केलं की फोन हलका राहतो, नातवाने शिकवलंय." सकाळी आठची त्यांची थायरॉइडची घंटा वाजली नाही. दुसऱ्या रात्री मी त्यांना तुझं ॲप ढकलू दिलं नाही, आणि सकाळी घंटा वाजली. काही फोनांत ॲप असं ढकललं की ते सक्तीने बंद केल्यासारखं होतं आणि लावलेले गजरही पुसले जातात, असं तू मागे म्हणाली होतीस. ते मी डोळ्यांनी पाहिलं.

म्हणजे पप्पांच्या गोळीचा तो रिव्ह्यू अन्यायाचा आहे का? आहे. घंटा तुझ्या चुकीने बंद पडली नाही. अँड्रॉइड १३ पासून नुसती सूचना दाखवायलाही परवानगी मागावी लागते, १४ मध्ये नेमक्या वेळेच्या गजराची परवानगी बहुतेक नव्या ॲपना आपोआप मिळत नाही, आणि त्यावर फोन कंपन्यांची बॅटरी वाचवायची हौस वेगळीच. हे सगळं त्या मुलाला ठाऊक असायचं कारण नाही. त्याला एवढंच दिसलं की वडिलांची गोळी चुकली. खंबाटकीतला ट्रकही एसटीचा नसायचा. पण फलाटावर लेकरू घेऊन उभ्या असलेल्या बाईला "गाडी घाटात अडकली आहे, दीड तास लागेल" हे भोंग्यावरून सांगणं माझंच काम होतं. ज्या दिवशी ते वेळेवर सांगितलं, त्या दिवशी पुस्तकात फारसं काही यायचं नाही. उशीर मात्र तेवढाच झालेला असायचा.

तर तुझ्या ॲपनेही सांगावं. परवानगी दिली आहे की नाही आणि बॅटरीचं बंधन लागलंय का, हे ॲपला तपासता येतं असं तू म्हणतेस, मग उघडल्या उघडल्या तपास आणि बंधन असेल तर मोठ्या अक्षरांत, लाल पट्टीत लिही: "तुमच्या फोनने मला झोपवलं आहे, घंटा वाजणार नाही." खाली मराठीत चित्रांसह कुठे काय दाबायचं ते दे. आणि एक बटण ठेव, "दोन मिनिटांनी घंटा वाजवून बघा". अण्णांसारख्यांचा त्या दोन मिनिटांवर जेवढा विश्वास बसेल, तेवढा तुझ्या कुठल्याही खुलाशावर बसणार नाही.

उत्तर मात्र दे. ३५० अक्षरांत बसवावं लागतं म्हणतेस, बरंच आहे, त्यात भांडण मावत नाही. मी एक मसुदा केलाय, बघ: "तुमच्या वडिलांची गोळी चुकली याचं वाईट वाटलं. तुमच्या फोनमधली बॅटरी वाचवायची सोय ॲपला झोपवते, म्हणून घंटा वाजत नाही. सेटिंगमध्ये ॲपच्या बॅटरीत जाऊन 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडा आणि ॲप वर ढकलून बंद करू नका. पुढच्या अपडेटमध्ये ॲप हे स्वतः तपासेल. तरीही वाजली नाही तर ईमेल करा, मी स्वतः बघते." यात "चूक तुमच्या फोनची आहे" असं कुठे म्हटलेलं नाही, पण वाचणाऱ्याला ते कळतं. पैसे परत मागणाऱ्याने मुळात पैसे भरलेत की नाही, हे तुला रिव्ह्यूवरून समजत नाही. त्यामुळे "तुम्ही तर फुकटचं वापरताय" असलं काही चुकूनही लिहू नको. वडिलांना कुठली औषधं चालू आहेत, तेही उघड्यावर विचारू नको.

आणि हे उत्तर त्या एकट्यासाठी नसतं. त्याला तुझं उत्तर आल्याचं कळतं आणि वाटलं तर तो तारे बदलू शकतो, पण बदलेलच या आशेवर बसू नको. उद्या आपल्या आईसाठी ॲप शोधणारी कोणी बाई आधी वाईट रिव्ह्यूच उघडेल. तिच्यासाठी लिही. ती बघेल, या ॲपमागे माणूस आहे की नाही.

ओटीपीवाल्याला एक ओळ पुरे: "या ॲपमध्ये ओटीपी लागत नाही, कदाचित दुसऱ्या ॲपबद्दल लिहायचं होतं का?" आणि गूगलकडे विषयाला सोडून आहे म्हणून कळव. काढलं तर काढलं. शिवीगाळ, खोट्या रिव्ह्यूंची भरती, भलत्याच विषयाचं, असलं काही ते काढतात. नुसतं वाईट किंवा चुकीचं मत आहे म्हणून काढत नाहीत, आणि खरं सांगू, काढूही नये. भलत्याच ॲपचा राग अंगावर येण्याची पाळी मोठमोठ्यांवर आली आहे. एप्रिल २०१७ मध्ये स्नॅपचॅटच्या प्रमुखाने भारताला गरीब म्हटल्याचा आरोप झाला. कंपनीने तो फेटाळला, पण आपल्या लोकांनी चिडून एक-एक तारा द्यायला सुरुवात केली, आणि त्यातल्या कित्येकांनी तो दिला स्नॅपडील या खरेदीच्या ॲपला! नावातला अर्धा भाग जुळला, एवढाच त्यांचा गुन्हा. त्यांच्याकडे माणसांची फौज होती. तुझ्याकडे तू एकटी, म्हणून एका ओळीत आटप.

किमतीचं मात्र माझ्याकडून ऐकून घे, कारण त्यावर तू डगमगतेस असं मला वाटतं. "१४९ रुपये घेतात, लुटारू" या रिव्ह्यूनंतर तू सगळंच फुकट करायला निघाली होतीस. त्या १४९ मधले १५ टक्के गूगलला जातात, मग कर, आणि उरलेल्यात तुझं भाडं, वीज, चाचणीला घेतलेले जुने फोन. २०१४ च्या नोव्हेंबरात 'मॉन्युमेंट व्हॅली' नावाच्या खेळाला नवे टप्पे जोडले, १.९९ डॉलरला. ब्रिटनमधली मंडळी, त्यांनी कित्येक महिने खपून केलेलं काम. आधी पैसे देऊन खेळ घेतलेल्या लोकांनी "हे फुकटच हवं होतं" म्हणून एक ताऱ्यांचा पाऊस पाडला. कंपनीने जाहीरपणे नाराजी सांगितली, तेव्हा ज्यांना खेळ आवडला होता ते जागे झाले आणि पाच तारे देऊ लागले. किंमत काही त्यांनी मागे घेतली नाही. तू काय करावंस ते तू ठरव. पण माझ्या मते, गोळीची घंटा सगळ्यांना फुकट आणि घरातल्या सगळ्यांची औषधं एका फोनवरून बघायची सोय पैसे देऊन, ही तुझी मूळ वाटणी चांगलीच होती. घाबरून बदलू नको.

आणि सुमनमावशीचं. तिने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर केलंय की आपण सगळे मिळून मुक्ताला पाच-पाच तारे देऊ, सोलापूरचीही मंडळी आहेत, चाळीस तरी होतील. मी तिथेच लिहिलं की जो ॲप वापरतो त्यानेच द्यावेत, आणि जे वाटतं तेवढेच द्यावेत. ती रुसली. रुसू दे. गूगलच्या नियमात ते बसत नाही, आणि पकडलं गेलं तर खरे तारेसुद्धा जायचे. तारे मागायचेच तर २०२० पासून ॲपच्या आतच मागायची सोय आहे, ती वापर. ज्याच्या सलग महिनाभर गोळ्या चुकल्या नाहीत, त्याला विचार. पण आधी "आवडलं का?" विचारून फक्त हो म्हणणाऱ्यांपुढे ताऱ्यांची चौकट आणायची, हे नको. तेही त्यांच्या सूचनांत बसत नाही, आणि मलाही पटत नाही.

रिव्ह्यू बंद करू नको, फक्त वेळ ठरव. आमचं पुस्तक सकाळी उघडायचं, चहा झाल्यावर, लॉगशीट शेजारी ठेवून. तूही सोमवारी सकाळी कन्सोल उघडून बस. रात्री अंथरुणात फोनवर वाचू नको, रात्री तुझ्या हाती शेजारचा रकाना नसतो, नुसती भाषा असते.

नवीन व्हर्जन झालं की शनिवारी ये. अण्णांचा फोन, तुझ्या आईचा फोन आणि दूधवाल्या संपतचा तो जुना, अशा तिन्हींवर आपण ती दोन मिनिटांची घंटा वाजवून बघू. संपतला मी विचारून ठेवलंय, तो म्हणाला साडेसहापर्यंत येतो.

तुझे बाबा

ता. क. – आयफोनवाल्या भावाला उत्तर मी सुचवत नाही. ते तूच लिही, पण हसू आल्यावर.