शेपटावरून ओळख

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

तुझा आलेख पाहिला. आडवी ऊर्जा, आणि उभा शेपटाचा वाटा, म्हणजे प्रकाशाच्या एका झळकीत (पल्समध्ये) उशिरा येणारा उजेड किती तो. वर न्यूट्रॉनचा पट्टा, खाली गॅमाचा, आणि डावीकडे कमी ऊर्जेला दोघांची सरमिसळ. दोघांना वेगळं करणारी रेघ कुठे मारू, असं विचारलंयस. रेघेचं नंतर बघू, आधी सरमिसळ का होते ते बघ.

द्रव सिंटिलेटरमध्ये, म्हणजे किरण शिरला की चमकणाऱ्या द्रवात, गॅमा शिरला की इलेक्ट्रॉन उसळतो, न्यूट्रॉन शिरला की प्रोटॉन. आपल्याला उजेड दिसतो तो या दोघांचा; आलेला पाहुणा स्वतः दिसतच नाही. बहुतेक उजेड काही नॅनोसेकंदांत विझतो, थोडा मात्र शेकडो नॅनोसेकंद रेंगाळतो. ट्रिपलेट नावाच्या, लवकर न विझणाऱ्या चेतलेल्या अवस्थेतले दोन रेणू एकमेकांना गाठतील तेव्हा तो बाहेर पडणार, म्हणून उशीर. प्रोटॉन थोड्याच अंतरात ढीगभर रेणू चेतवतो. त्या दाटीत झटपट प्रकाश दबतो, रेंगाळणाऱ्याचा वाटा वाढतो, आणि पल्सचं शेपूट जाड होतं. (हा नियम सरसकट मानू नकोस. थॅलियम घातलेल्या सीझियम आयोडाइडमध्ये अल्फाची पल्स गॅमापेक्षा लवकर विझते!) १९०९ साली गायगर आणि मार्सडेन अंधारात बसून झिंक सल्फाइडवरच्या ठिणग्या डोळ्यांनी मोजत होते, त्यांना बिचाऱ्यांना शेपूट कुठलं दिसायला.

आता तुझी डावी बाजू. तिथे शेपटात समज दहाच फोटोइलेक्ट्रॉन (उजेडानं सुटलेले, आपण मोजतो ते इलेक्ट्रॉन) आले, तर तीन इकडेतिकडे व्हायचेच. पट्टे फुगून एकमेकांत शिरतात ते त्यामुळे. त्या गर्दीतून हौसेनं रेघ ओढू नकोस. ऊर्जेचा उंबरठा वर घे. थोडे न्यूट्रॉन हातचे गेले तर जाऊ देत.

तुझ्या वयाचा असताना मी तीन रात्री न्यूट्रॉन मोजले आणि जाम खूश होतो. मग सहज म्हणून किरणोत्सारी सोर्सचं अंतर दुप्पट केलं. आकडा चौथाईवर यायला हवा होता, तो जवळजवळ सोळाव्या हिश्शावर आला. एका गॅमाच्या शेपटावर दुसरा गॅमा येऊन बसत होता, आणि मी त्या जोडीला न्यूट्रॉन म्हणत होतो. गॅमा चौथाई झाले की अशा जोड्या चौथाईच्या चौथाई होतात. तिन्ही रात्रींचा डेटा टाकून दिला. आईला अजून सांगितलेलं नाही.

तेव्हा आधी सीझियम-१३७ लाव. त्यातून न्यूट्रॉन येतच नाहीत, म्हणजे रेघेच्या वर जे चढेल ती सगळी गळती. ४७७ केईव्हीची कॉम्प्टनची कडाही (गॅमा एका टकरीत इलेक्ट्रॉनला जास्तीत जास्त देतो ती ऊर्जा) त्यातच मिळेल, कॅलिब्रेशन उरकून घे. दोन्ही पट्टे सगळीकडेच जवळ आलेले वाटले तर डब्यात हवा शिरलीय का पाहा. ऑक्सिजन ट्रिपलेट विझवतो, मग शेपूटच उरत नाही. शिवाय उड्डाणवेळ, म्हणजे सोर्सपासून डिटेक्टरपर्यंत यायला लागणारा वेळ, आहेच. एका मीटरला गॅमाला ३.३ नॅनोसेकंद लागतात, १ एमईव्हीच्या न्यूट्रॉनला सुमारे ७२. शेपटानं दिलेली साक्ष तिथे ताडून बघता येते.

सीझियमचा आलेख पाठव, आणि सोर्स किती अंतरावर ठेवला होतास तेही लिही.

तुझा,
बाबा