आप्पांचा हात भिंतीवर का असतो?

ती. आप्पा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही दोघांनी फिजिओथेरपिस्टकडे, म्हणजे व्यायामाने उपचार करणाऱ्यांकडे जावं, हे आखाजीला आले तेव्हाच बोलणार होते, पण झोके, पाहुणे आणि सांजोऱ्यांच्या गडबडीत राहून गेलं. आणि फोनवर विषय काढला की आप्पा, तुम्ही "आते वय व्हयी गयं" एवढं म्हणून फोन आईकडे देता. पत्र तसं देऊन टाकता येत नाही. दिलंतच तर आई मोठ्याने वाचून दाखवेल.

घरात दुखणं आहे ते फक्त आईच्या गुडघ्याचं, असं आपण सगळे धरून चाललोय. तो गुडघा बोलका आहे. खाली बसताना बोलतो, उठताना बोलतो, आल्यागेल्याला ओळखही करून देतो. (आई, रागावू नकोस.) आप्पांचं काही दुखत नाही, म्हणून त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नाही. या वेळी मी बघत होते. ओसरीतून मोरीकडे जाताना आप्पा, तुमचा हात भिंतीवरून सरकत जातो. त्या उंचीवर भिंतीचा रंग काळवंडलाय. मागे वळायचं तर एकदम वळत नाही, बारीक बारीक पावलं टाकत वळता. धोतर बदलायला पूर्वी उभे असायचात, आता खाटेची कड धरता. मला आईच्या गुडघ्यापेक्षा याची जास्त काळजी वाटते. दुखणं माणसाला डॉक्टरकडे नेतं. तोल जाणं तसं नेत नाही, ते लपवता येतं. आणि आई, तू ते लपवायला त्यांना मदत करतेस.

तोल सांभाळायला शरीर तीन ठिकाणची खबर घेतं: डोळे, कानाचा आतला भाग, आणि तळपाय-घोटे. आप्पा, तुम्हीच एकदा म्हणालात की चालताना कापसावर पाय पडल्यासारखं वाटतं. तुम्ही हसण्यावारी नेलंत, पण शुगर वर्षानुवर्षं राहिली की पायांच्या नसा मंदावतात आणि तळपायाची खबर नीट पोहोचत नाही. मग सगळा भार डोळ्यांवर येतो. म्हणून तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की तुमचा तोल जातो, आणि लाइट गेली की तुम्ही चाचपडता. दिवसा बांधावरून चालत जाणारा माणूस रात्री स्वतःच्या घरात पडतो तो असा. त्यात रात्री लघवीला झटक्यात उठलं की बीपी एकदम उतरतं. आधी कडेला पाय सोडून बसायचं, थोडं थांबायचं, मग उभं राहायचं.

सासूबाईंना फिजिओथेरपीला नेत होतो तेव्हा तिथली तपासणी मी जवळून पाहिली. घाबरण्यासारखं काही नसतं. खुर्चीवरून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाई घड्याळ लावून बघतात. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. मग एका पावलापुढे दुसरं पाऊल, टाचेला बोटं लावून उभं राहायला सांगतात. १० सेकंद टिकलं नाही तरी तीच खूण. डोळे मिटून उभं करूनही बघतात, त्या वेळी त्या शेजारी हात धरायच्या बेतात असतात. हे तुम्ही घरी एकट्याने करून बघू नका. मला ठाऊक आहे, तुम्ही बघाल.

नंतरचा व्यायाम अगदी साधा दिसतो, म्हणूनच लोक तो सोडून देतात. ओट्याला धरून टाचा उचलायच्या. हात न टेकता खुर्चीवरून उठायचं. आधार धरून एका रेषेत चालायचं, आणि जमेल तसा आधार कमी करत न्यायचा. न्यूझीलंडच्या ओटागोमध्ये ज्येष्ठांसाठी असाच घरी करायचा व्यायाम बसवला. पायात छोटी वजनं, तोलाचा सराव आणि चालणं, एवढंच. त्याच्या चाचण्या एकत्र केल्या तेव्हा पडण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. आणि वयाचं म्हणाल तर १९९० साली बोस्टनला नव्वदीच्या आसपासच्या म्हाताऱ्यांकडून आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम करून घेतला होता. त्यांची ताकद दुपटीहून जास्त वाढली. तुम्ही त्यांच्यापुढे पोरच आहात, आप्पा.

पडलं तर जमिनीवरून उठायचं कसं, तेही शिकवतात: कुशीवर वळायचं, हात-गुडघ्यांवर यायचं, खाट धरायची. हे शिकलेल्या माणसाची भीती कमी होते. भीतीचं तेवढ्यावर थांबत नाही. भीतीने माणूस चालणं कमी करतो, त्याने पाय आणखी कच्चे होतात, आणि मग खरंच पडतो. या वयात खुब्याचं हाड मोडलं की पुढे काय होतं ते आपल्या गल्लीत आपण पाहिलंय.

आता आई. तुझं गाडं 'करंट'वर अडलंय. दहा दिवस शेक घेतला, करंट लावला, बरं वाटलं, संपलं. व्यायामाचा कागद कॅलेंडरच्या मागे खोचलेला मी पाहिला. मशिनने दुखणं कमी होतं, खोटं नाही, पण ते व्यायाम करता यावा म्हणून. गुडघ्याचा भार मांडीचा स्नायू पेलतो, आणि तो मशिनने येत नाही. नुसतं मशिन लावून पैसे घेणारा आणि एकही व्यायाम न शिकवणारा भेटला तर माझ्या मते दुसरा बघावा. व्यायामानंतर थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी कमी झालं तर चालू ठेव. सूज आली किंवा दुसऱ्या दिवशीही वाढलेलंच राहिलं तर कमी कर, बंद करू नकोस. काठी उजव्या हातात धरतेस आणि दुखतो उजवाच गुडघा. काठी डाव्या हातात पाहिजे. हात खाली सोडून उभं राहिलं की तिची मूठ मनगटाच्या रेषेशी यावी, आणि तुझी तर कमरेच्या वर येते. माळ्यावर जायचंच असेल तर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. कुशी बदलली की गरगरतं म्हणालीस तेही फिजिओथेरपिस्टना सांग. कानाच्या आतले बारीक खडे जागा सोडून गेले की असं होतं, आणि डोकं ठरावीक पद्धतीने फिरवून ते परत बसवता येतात. त्याला गोळीच लागते असं नाही.

पहिल्याच दिवशी ते विचारतील, तुम्हाला काय करता यायला हवंय? "दुखणं जाऊ दे" एवढंच सांगू नका. आई, तू सांग की श्रावणात कानबाईच्या विसर्जनाला चालत जायचंय. पायात ताकद यायला दीड-दोन महिने लागतात, म्हणजे आता सुरू केलं तर वेळ आहे. आप्पा, तुम्ही सांगा, शेताच्या टोकापर्यंत एकट्याने.

जायचं कुठे, हे मी दादाशी बोलले आहे. तालुक्याला खाजगी आहेतच, फक्त राज्याच्या फिजिओथेरपी परिषदेची नोंदणी असलेला बघायचा. नाहीतर सरकारी. ज्येष्ठांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीची सोय धरलेली आहे. आप्पा पंचाहत्तरी पार, तेव्हा एसटीत फुकट. आईला अर्धं तिकीट. म्हणजे भाड्याचं कारण पुरणार नाही. काठी, गुडघ्याचा पट्टा, कमोडची खुर्ची यांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांपुढच्यांना एकदा ३००० रुपये मिळतात, घरचं उत्पन्न वर्षाला दोन लाखांच्या आत हवं. आपण बसतो का ते दादा बघेल. उन्हाचं म्हणाल तर सकाळच्या पहिल्या गाडीने जायचं आणि दुपारच्या आत घरी.

मोरीत आणि संडासाजवळ मिस्त्रीकडून दांडे बसवून घ्यायचे, पैसे मी पाठवते. टॉवेलची खुंटी आधाराला धरायची नाही, ती एक दिवस भिंतीसकट येईल. खाटेपासून मोरीपर्यंत बॅटरीवर चालणारा दिवा. आणि आप्पा, ती घसरडी झालेली चप्पल वहिनीला फेकून द्यायला सांगितलीय. शोधू नका.

तुमची,
ताई

ता. क. जाताना दोघांच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, आप्पांची झोपेचीसुद्धा. बीपीच्या आणि झोपेच्या गोळ्यांनीही तोल जातो. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारून काय ते ठरवा.