ओरबाडलेली भिंत म्हणजे मूळ रूप नव्हे

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला जुन्या गोव्याच्या बॉम जेझस बॅसिलिकेवरचा लेख वाचला. लेखकाने मनापासून लिहिले आहे, यात शंका नाही. पण उघड्या लाल जांभ्याला त्यांनी या चर्चचे 'मूळ रूप' म्हटले आहे, ते वाचून काल दिवसभर चैन पडले नाही.

ते मूळ रूप नाही. १५९४ साली बांधायला घेतलेल्या आणि १६०५ साली वापरात आलेल्या या चर्चला बाहेरून चुन्याचा गिलावा होता. तो काढला १९५०च्या दशकात, पोर्तुगीज अमलातच, इमारत जुनाट आणि भव्य दिसावी म्हणून. तेव्हापासून वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा गोव्याचा पाऊस भिंती थेट अंगावर घेत आहेत. दर्शनी बाजूचे कोरीव खांब आणि चौकटी वसईहून आणलेल्या काळ्या पाषाणाच्या आहेत, त्या टिकून आहेत. झिजतो आहे तो जांभा. चर्चच्या रेक्टरांनी, म्हणजे तिथल्या प्रमुख धर्मगुरूंनी, काही वर्षांपूर्वी गिलावा परत करा अशी जाहीर मागणी केली होती. लेखात तिचा एका ओळीचाही उल्लेख नाही.

जांभा म्हणजे काय हे आम्हा सातारकरांना कोणी सांगायला नको. महाबळेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावच्या घराच्या भिंती जांभ्याच्याच. खाणीतून काढताना हा दगड मऊ असतो, वाऱ्यावर कडक होतो, पण शेवटी भोकाभोकांचा. पाणी पितो, आणि आतली माती पाण्याबरोबर निघून जाते. म्हणून वडील घाणीवर मळलेला चुना लावून घेत, त्यात गुळाचे आणि हिरड्याचे पाणी असे. पावसाळ्याआधी पश्चिमेच्या भिंतीला गवत बांधत. बारा वर्षांपूर्वी पुतण्याने घर पर्यटकांना द्यायचे ठरवले आणि एका कंत्राटदाराच्या सांगण्यावरून सगळा गिलावा छिन्नीने ओरबाडून काढला. 'काका, दगड दिसला पाहिजे, लोकांना तेच आवडतं.' दगड दिसला. पहिल्याच पावसात आतली भिंत पाझरू लागली, आणि चौथ्या पावसाळ्यात पडवीची भिंत रात्री कोसळली. आई त्या भिंतीशी बसून तांदूळ निवडायची. त्या रात्री ती माजघरात झोपली होती म्हणून वाचली.

डिसेंबर २०२४ मध्ये सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या शवप्रदर्शनाच्या वेळी आम्ही दोघे गोव्याला गेलो होतो. दर्शन झाल्यावर बॉम जेझसच्या भिंतीला हात टेकवला, तर तळवा लाल भुकटीने भरला. मला तिथे आमची पडवी दिसली.

आता छायाचित्राबद्दल. तुम्ही बॉम जेझस म्हणून जे पांढरेशुभ्र, एका मनोऱ्याचे चर्च छापले आहे, ते रस्त्यापलीकडचे से कॅथेड्रल आहे. त्याचा दुसरा मनोरा १७७६ साली पडला. तेही जांभ्याचेच आहे, फक्त त्याच्या अंगावर चुना आहे. लेखात गिलाव्याचे नाव नाही आणि चित्र मात्र गिलाव्याचे. एवढी चूक संपादन विभागात कोणाच्याच लक्षात येऊ नये?

शिवाय सेंट फ्रान्सिस झेवियर यांनी हे चर्च 'उभारले' असेही लिहिले आहे. ते ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळ वारले. चर्चची पायाभरणी त्यानंतर बेचाळीस वर्षांनी झाली. गोंयचो सायब म्हणून लाखो लोक ज्यांच्यापुढे हात जोडतात, त्यांच्याविषयी लिहिताना साल तरी पाहावे.

योग्य छायाचित्रासह दुरुस्ती छापावी ही विनंती. मागे माझ्या पत्रातला मधला परिच्छेद न विचारता गाळला होता. या वेळी पडवीचा परिच्छेद गाळू नये.

आपला एक जुना वाचक,
सातारा