बाबांच्या डायरीतले चौदा पत्ते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझे सासरे ७९ वर्षांचे आहेत. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून २००६ साली निवृत्त झाले, पण पत्त्यांचे वेड काही सुटलेले नाही. मोबाइलवर एखादी सूचना, अर्जाचा नमुना, बिल भरायची जागा सापडली की त्या पानाचा पत्ता ते डायरीत उतरवून ठेवतात. हाताने, निळ्या शाईत, समोर तारीख घालून. शून्य आणि इंग्रजी 'ओ' यांत घोटाळा नको म्हणून शून्याच्या पोटात टिंब. 'बुकमार्क करून देते ना बाबा,' असे मी एकदा म्हटले, तर म्हणाले, 'फोन गेला की तुझा बुकमार्क गेला. माझी डायरी कोण चोरतंय?'

गेल्या महिन्यात आमच्याकडच्या एका सार्वजनिक कार्यालयाच्या संकेतस्थळाला नवे रूप मिळाले. कार्यालयाचे नाव लिहीत नाही, कारण हे आज त्यांच्याकडे झाले, उद्या दुसरीकडे होईल. नवे रूप चांगले आहे, हे आधीच सांगते. मोबाइलवर नीट दिसते, मराठी शुद्ध आहे, अक्षर मोठे आहे. पण बाबांच्या डायरीत त्या संकेतस्थळाचे चौदा पत्ते होते आणि त्यांतले अकरा आता उघडत नाहीत. 'पान सापडले नाही' अशी पाटी, त्यावर ४०४ हा आकडा आणि खाली हिरमुसलेल्या ढगाचे चित्र.

मी संध्याकाळी ऐरोलीला घरी पोचले तेव्हा बाबा भिंग घेऊन बसले होते. एकच पत्ता दुपारपासून चार वेळा टाइप करून झाला होता. 'माझंच काहीतरी चुकलं असेल गं उतरवताना,' ते म्हणाले. 'आता डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत.'

हे मला लागले. मी अठरा वर्षे महाप्याला हेच काम करते, वेबसाइटी बांधायचे. चूक बाबांची नाही, ती माझ्या व्यवसायातल्या कुणाची तरी आहे, हे मला त्या ढगाकडे पाहूनच कळले. कशी झाली असेल तेही कळले, कारण तीच चूक मी केलेली आहे. त्याकडे येते.

वेबसाइटचा पत्ता म्हणजे कपाटातल्या फायलीची जागा, असे बऱ्याच जणांना वाटते. पूर्वी ते बरेचसे खरे होते. आता अनेकदा कपाटच नसते. आम्ही ज्याला एमव्हीसी (मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर) म्हणतो त्या पद्धतीत माहिती एकीकडे, तिचे दिसणे दुसरीकडे आणि दोघांमध्ये मागणी घेऊन काम करून घेणारा कंट्रोलर अशी कामाची वाटणी असते. ही कल्पना नॉर्वेच्या ट्रिग्वे रीनस्काउग यांनी १९७९ मध्ये झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात मांडली, तेव्हा वेब नावाची वस्तूच नव्हती. वेबवर ती रुजली तेव्हा तिच्या दारात आणखी एकाला उभे करावे लागले, तो राउटर. त्याच्या हातात एक तक्ता असतो. '/सूचना/' आणि पुढे क्रमांक असा पत्ता आला तर सूचनांच्या कंट्रोलरकडे, '/अर्ज/' आला तर अर्जांच्या. बाबांना हे सांगितले तर म्हणाले, 'म्हणजे सॉर्टिंग.' अगदी तेच.

या तक्त्याचा एक हिसका सांगण्यासारखा आहे. अनेक फ्रेमवर्कांमध्ये, म्हणजे वेबसाइट बांधायच्या तयार सांगाड्यांमध्ये, तो वरून खाली वाचला जातो आणि पहिली जुळलेली ओळ जिंकते. नवखी असताना मी '/सूचना/' आणि पुढे काहीही चालेल अशी ओळ वर लिहिली आणि '/सूचना/नवीन' ही खाली. मग 'नवीन सूचना' हे बटण दाबले की यंत्रणा 'नवीन' नावाच्या क्रमांकाची सूचना शोधत बसायची. दोन दिवस मी डेटाबेसच्या नावाने खडे फोडले.

पण आज मुद्दा वेगळा आहे. हा तक्ता उलटाही वाचता येतो. पत्त्यावरून पान शोधायचे तसे पानावरून पत्ता बनवायचा. चांगला कारागीर पानापानांत पत्ते हाताने लिहीत नाही. तो तक्त्यातल्या ओळीला, म्हणजे मार्गाला, नाव देतो, समजा 'सूचना-तपशील', आणि पानात फक्त म्हणतो की या नावाचा, बाराव्या सूचनेचा दुवा दे. पत्ता फ्रेमवर्क बनवून देते. जँगो नावाच्या फ्रेमवर्कमध्ये या क्रियेला 'रिव्हर्स' असेच म्हणतात. रेल्समध्ये, लाराव्हेलमध्ये, एएसपी डॉट नेटमध्येही हीच सोय वेगवेगळ्या नावांनी आहे. (जँगो हे अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स गावच्या एका दैनिकाच्या कचेरीत तयार झाले आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. तेव्हा संपादक महोदय, या विषयात आपल्या व्यवसायाचाही हात आहे.)

या सोयीचा फायदा असा की उद्या '/सूचना/' बदलून '/नागरिक/सूचना/' करायचे ठरले तर तक्त्यातली एक ओळ बदलायची, साइटवरचे शेकडो दुवे आपोआप नवे होतात. आणि गोम इथेच आहे. नवी साइट तपासणारा माणूस मुखपृष्ठावर जातो, तिथून दुवे दाबत दाबत फिरतो. सगळे उघडते, कारण प्रत्येक दुवा नव्या तक्त्यातूनच निघालेला असतो. तो 'ठीक आहे' अशी खूण करतो. बांधणाऱ्याला तूट दिसतच नाही. जे पत्ते आधीच बाहेर पडले, ते कोण नवे करणार? ते सोसायटीच्या फलकावर आहेत, पावतीच्या मागे आहेत, व्हॉट्सअॅपवरच्या जुन्या निरोपात आहेत, आपल्याच अंकाच्या कात्रणात आहेत आणि बाबांच्या डायरीत आहेत. यातल्या कशालाही फ्रेमवर्कचा हात पोचत नाही.

क्यूआर कोडचेही तेच. त्या ठिपक्यांच्या चौकोनात बहुतेक वेळा पत्ताच लिहिलेला असतो, दुसरे काही नाही. एकदा छापला की छापला. (क्यूआर कोड जपानमध्ये १९९४ साली आला आणि यूआरएलचे, म्हणजे वेबवरच्या पत्त्याचे, लेखी प्रमाणही त्याच वर्षीच्या डिसेंबरातले. एका वर्षाची ही दोन अपत्ये आता आमच्या लिफ्टशेजारी एकाच कागदावर नांदतात.)

आता माझी चूक. २०१९ मध्ये एका पतसंस्थेच्या साइटवर '/योजना/५' असा रुक्ष पत्ता होता, तो मी '/योजना/मुदत-ठेव' असा वाचनीय केला. आतले सगळे दुवे नावाने बनवलेले, त्यामुळे बदल पाच मिनिटांत झाला. फुशारकीने घरी गेले. पंधरा दिवसांनी कळव्याहून एक आजोबा छापील पत्रक घेऊन शाखेत आले. त्यावरचा क्यूआर कोड मोबाइलवर काहीच दाखवत नव्हता आणि ही संस्था बुडाली की काय असे त्यांना वाटले होते. पतसंस्थेच्या बाबतीत ठेवीदाराच्या मनात अशी शंका येणे म्हणजे काय, हे आपल्या भागातल्या वाचकाला समजावून सांगायला नको. तशी तीन हजार पत्रके वाटून झाली होती. दुरुस्तीला मला वीस मिनिटे लागली. सात ओळी लिहिल्या: हा जुना पत्ता आला तर त्या नव्या पत्त्यावर कायमचे पाठव. या उत्तराचा आकडा ३०१. ब्राउझरला आणि गुगललाही तो कळतो, ते पुढे नवाच पत्ता धरतात. ३०२ म्हणजे तात्पुरते, ते इथे चालत नाही. आणि एखादे पान मुद्दाम, कायमचे काढून टाकले असेल तर त्यालाही वेगळा आकडा आहे, ४१०. 'सापडले नाही' आणि 'काढून टाकले' यांत नागरिकाच्या दृष्टीने पुष्कळ फरक आहे. पहिल्यात तो स्वतःला दोष देतो.

काही जण यावर आळशी तोड काढतात. जुना कोणताही पत्ता आला की सरळ मुखपृष्ठावर नेऊन सोडायचे. ४०४ दिसत नाही, अहवाल स्वच्छ. बाबांना विचारले, हे कसे वाटते? म्हणाले, 'कल्याणचं पार्सल, डोंबिवलीचं पार्सल, सगळं व्हीटीला उतरवायचं आणि सांगायचं, घ्या शोधून.'

बाबांचे जे तीन पत्ते वाचले त्यांत मुखपृष्ठ आणि संपर्काचे पान आहे. तिसरी आहे एक पीडीएफ. ती का वाचली? कारण ती खरोखरच एका फोल्डरात पडलेली फाइल आहे, राउटरकडे जातच नाही आणि साइट बदलताना ते फोल्डर कोणी हलवले नाही. निष्काळजीपणाने वाचवलेले एकमेव पान.

नव्या पत्त्यांबद्दल आणखी एक. ते आता देवनागरीत आहेत आणि ब्राउझरच्या पट्टीत मोठे छान दिसतात. मराठी म्हणून मलाही बरे वाटले. पण तोच पत्ता कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की बऱ्याचदा टक्क्यांच्या खुणांची वरात निघते. देवनागरीतली प्रत्येक खूण, मग ते अक्षर असो की काना-मात्रा, यूटीएफ-८ या संगणकात अक्षरे साठवायच्या पद्धतीत तीन बाइट घेते आणि पत्त्यात प्रत्येक बाइट तीन चिन्हांनी लिहिला जातो. 'ठाणे' या शब्दात ठ, काना, ण, मात्रा अशा चार खुणा, म्हणजे छत्तीस चिन्हे. बाबांनी ते डायरीत उतरवायचे कसे? माझे मत असे की पत्त्यात छोटा क्रमांक असावा आणि राउटरने तो क्रमांकच वाचावा. पुढे मराठी शब्द हवे तर खुशाल असू देत. ते गळाले, मोडले, शीर्षकात दुरुस्ती झाली तरी पान उघडले पाहिजे.

पत्ता आपण कुठे उभे आहोत यावर अवलंबून नसावा, हेही नवी मुंबईकराला सांगायला नको. ऐरोली स्टेशनबाहेर रिक्षात बसून 'सेक्टर आठ' म्हटले की ऐरोलीचा सेक्टर आठ. तेच शब्द वाशीत उच्चारले की रिक्षा वाशीच्या सेक्टर आठला. प्रत्येक नोडचे, म्हणजे उपनगराचे, आकडे स्वतंत्र, नोड कोणता ते रिक्षावाला मनातच धरतो. काही फ्रेमवर्क दुवा बनवताना हेच करतात. तुम्ही न दिलेला तपशील ते आत्ता उघड्या असलेल्या पानाच्या पत्त्यातून उचलतात. सोय म्हणून ठीक, पण वाशीच्या पानावरून दाबलेला 'तक्रार नोंदवा' हा दुवा मग गुपचूप वाशीलाच चिकटतो. माझ्याकडे असे एकदा झाले होते. तेव्हापासून नोड मी नेहमी स्वतः लिहिते.

हे सगळे काही नवे ज्ञान नाही. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच बजावून ठेवले होते की चांगले पत्ते बदलत नसतात, म्हणून बदलू शकतील अशा गोष्टी पत्त्यात घालू नका. कार्यालयाच्या जुन्या पत्त्यांच्या शेवटी 'डॉट एएसपीएक्स' होते, म्हणजे साइट कोणत्या तंत्राने बांधली त्याचे नाव. तंत्र बदलले, शेपूट गेले, पत्ता मेला. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत, त्यांतही तुटक्या दुव्यांची दखल आहे. आणि आपल्या राज्य शासनाने याहून शहाणी गोष्ट कधीच केली आहे. शासन निर्णयाच्या शेवटी एक लांबलचक संकेतांक छापलेला असतो, सुरुवातीलाच वर्ष, महिना, दिवस. कागद पिवळा पडला तरी त्या आकड्यावरून निर्णय शोधता येतो. बाबांना हा आकडा फार आवडतो. त्याला ते बिल्टी नंबर, म्हणजे पार्सलच्या पावतीचा क्रमांक, म्हणतात.

माझी मागणी छोटी आहे. सार्वजनिक पैशातून साइट नव्याने बांधायची निविदा निघेल तेव्हा तिच्यात एक अट घालावी: गेल्या दोन वर्षांत सर्व्हरच्या नोंदवहीत आलेल्या प्रत्येक जुन्या पत्त्याचे काय झाले, याचा तक्ता ठेकेदाराने द्यावा आणि त्यानंतरच शेवटचे बिल मंजूर व्हावे. नोंदवही सर्व्हरवर असते, तक्ता बनवायला एका माणसाचे थोडे दिवस जातील. तपासणीही मुखपृष्ठावरून न करता त्या जुन्या यादीवरून करावी.

मी स्वतः त्या कार्यालयाला मेल पाठवला आहे, डाव्या बाजूला बाबांच्या डायरीतले अकरा जुने पत्ते, उजव्या बाजूला त्यांचे नवे. नऊ मला सापडले. दोन सापडले नाहीत: ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या अर्जाचा नमुना आणि पावसाळ्यातल्या आपत्कालीन क्रमांकांची यादी. ही पाने हलवली आहेत की काढून टाकली आहेत, एवढे कोणी कळवले तर बरे होईल. डायरीत त्यांच्यापुढे बाबांनी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केले आहे.

आपली,
एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई